सातव्या प्रकरणातली तार

मिस लॅव्हिनिया प्रॅटच्या खिडकीतून टाइपरायटरची टकटक ऐकू आली की आमच्या ऑल्डर फेरीतले लोक म्हणायचे, बिचारी वकिलांचे कागद करतेय. मिस प्रॅट कोणाचीही समजूत दुरुस्त करत नसे. पन्नाशीच्या घरातली एकटी बाई, अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, चर्चच्या जत्रेत आल्याच्या बिस्किटांचं बक्षीस हिलाच मिळायचं हे ठरलेलं. अशी बाई पोरांच्या साहसकथा लिहिते, आणि देशभरातली पोरं ज्याच्या नावाने शपथा घेतात तो लेखक कॅप्टन गिल्बर्ट थॉर्न म्हणजे हीच, असं कोणी सांगितलं असतं तर गावाने त्यालाच वेड्यात काढलं असतं.

सांगायची सोयही नव्हती. पुस्तकं छापणाऱ्या न्यूयॉर्कच्या ज्या कचेरीसाठी ती लिहायची, तिथल्या ओस्गुडसाहेबांनी पहिल्याच दिवशी सही करून घेतली होती. कॅप्टन थॉर्न कोण हे सख्ख्या बहिणीलाही सांगायचं नाही; सांगितलं की काम गेलं. आणि हे काम मिस प्रॅटला जिवापाड आवडायचं. सकाळी कॉफीचा कप घेऊन बसलं की दुपारपर्यंत जहाजं बुडायची, चोर पकडले जायचे, पोरं दोराला लोंबकळायची, आणि तिला बसल्या खुर्चीवरून उठावंही लागायचं नाही. यापेक्षा बाईमाणसाला सुख ते काय हवं?

कचेरीचे नियम मात्र कडक. प्रत्येक प्रकरण संकटावर संपलं पाहिजे. पोरांचं जेवणखाण, झोप, आंघोळ यात पानं घालवायची नाहीत. मुली नकोत, फार तर नायकाची बहीण असावी आणि तिने सँडविचची थाळी आणून ठेवून निघून जावं. मिस प्रॅटने एकदा एका बहिणीच्या हाती होडीचं वल्हं दिलं, तर ओस्गुडसाहेबांनी तांबड्या पेन्सिलीने ते काढून पुन्हा थाळी दिली.

रेडिओची लाट आली तशी कचेरीने नवी माला काढली, ‘रेडिओवीर’. नेड आणि स्किप हे दोन पोरगे, आणि त्यांच्या मागावर कानतुटका क्रॅग. तीन पुस्तकं झाली, तिन्ही धडाक्याने खपली. तिसऱ्यात पोरं बेटावर अडकतात आणि हाताशी असलेल्या वस्तूंतून रेडिओ बनवतात. तो कसा बनवायचा याचं कात्रण ओस्गुडसाहेबांनी पाठवलं होतं, आणि मिस प्रॅटने ते शब्द न् शब्द कथेत विणलं होतं. एवढं करून बाईने आयुष्यात रेडिओ एकदाही ऐकला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बावीस सालच्या त्या उन्हाळ्यात शेजारच्या डीट्झ खाटकाच्या बग्गीच्या शेडमध्ये पोरांनी रेडिओ क्लब काढला. अध्यक्ष अर्थातच खाटकाचा वॉल्टर. तेरा वर्षांचा, आवाज फुटलेला आणि मिजास त्याहून फुटलेली. चिटणीस क्लेम पर्डी, वॉल्टर म्हणेल त्याला मान डोलावणारा. आणि तिसरी ओपल मॅकगिल. तिला घ्यायचं क्लबच्या मनात नव्हतं. पण कॉइल करायला ओट्सच्या गोल पुठ्ठ्याच्या डब्यावर तार गुंडाळायची होती, वेढ्याला वेढा चिकटून, कुठे पीळ न पडता, आणि दोघा वीरांनी गुंडाळलेली तार उंदराने ओढलेल्या लोकरीसारखी दिसत होती. ओपलची आई लेस विणायची; पोरीच्या बोटांना सवय होती. म्हणून तिला ‘तात्पुरती सभासद’ करून घेतलं. शेडच्या दारावर तसं खडूने लिहिलंही होतं, म्हणजे तिचा गैरसमज नको.

क्लबचा धर्मग्रंथ एकच, रेडिओवीरांचं तिसरं पुस्तक. पुस्तकात एरियलची तार जेवढी लांब तेवढी यांनी धुराड्यापासून एल्मच्या झाडापर्यंत ताणली. पुस्तकात नेडने आवाज पकडणारा शिसखनिजाचा खडा पितळेच्या पेल्यात बसवला, यांनीही तसाच बसवला. डीट्झ खाटीक रोज दुकानातून येताना वर बघायचा आणि म्हणायचा, “तार छान आहे हो. सॉसेज वाळत घालायला उपयोगी पडेल.”

त्याच्यावर मात करायची म्हणून वॉल्टरने शनिवारी संध्याकाळी अख्ख्या आळीला आमंत्रण देऊन टाकलं. पिट्सबर्गच्या स्टेशनवरून गाण्याची मैफल होणार होती, ती सगळ्यांना ऐकवणार म्हणे. आणि शुक्रवारी संध्याकाळी तिघांनी पहिल्यांदा हेडफोन कानाला लावून पाहिला, तेव्हा त्यात काहीच नव्हतं. खरखरसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी मिस प्रॅट बटाटे सोलत होती. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी शेडच्या अंगावरच उघडायची, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

“कॉइलच चुकलंय,” वॉल्टर म्हणत होता. “बाकी सगळं मी पुस्तकाप्रमाणे केलंय.”

“सगळं पुस्तकाप्रमाणे केलंय,” क्लेम म्हणाला.

“वेढे मी मोजून घातलेत,” ओपलचा आवाज आला. “तारेवरचं रोगणही घासून काढलंय, सरकपट्टी टेकते तिथलं. बघा ना.”

“मग आवाज का येत नाही? कॅप्टन थॉर्न चुकले म्हणतेस?”

“मी कुठे तसं म्हणाले?”

“चुकायला ते काय मुलगी आहेत? हे बघ ओपल, आज रात्री आवाज आला नाही तर तू क्लबमध्ये नाहीस. आणि का नाही आला ते मी सगळ्यांसमोर सांगणार.”

ओपल शेडच्या पायरीवर येऊन बसली आणि त्या डब्यावरच्या तारेवरून नुसतं बोट फिरवत राहिली. रडत नव्हती. रडली असती तर मिस प्रॅटला एवढं लागलं नसतं.

मिस प्रॅटने सुरी खाली ठेवली. तिला आधी रागच आला, आणि मग शंका. हॅटांच्या खोक्यात लपवलेलं आपलं तिसरं पुस्तक तिने काढलं आणि उभ्या उभ्या सातवं प्रकरण उघडलं. एरियल होती. कॉइल होतं. खडा होता, त्याला टेकणारी बारीक तार होती. आणि प्रकरणाच्या शेवटी नेड अर्थिंगची तार घेऊन झोपडीतल्या पाण्याच्या पंपाकडे वाकतो, एवढ्यात खिडकीची काच फुटून भलामोठा दगड आत येतो. संकट. प्रकरण संपलं.

तिने पान उलटलं. आठव्या प्रकरणात पोरं क्रॅगला जंगलात पिटाळून धापा टाकत परत येतात, हेडफोन कानाला लावतात, आणि लगेच बुडत्या जहाजाची हाक ऐकू येते.

मिस प्रॅट खुर्चीत बसली. पुढची चार पानंही तिने वाचून पाहिली, ती तार कुठेतरी असेल या आशेने. नव्हती. दगड आत आला आणि तार बाहेर राहिली. नेडने ती पंपाला जोडलीच नव्हती. एक टोक जमिनीत गेल्याशिवाय असला रेडिओ मुका राहतो, हे कात्रणात ठळक छापलेलं होतं, आणि तिला पाठही होतं. देशभरात किती शेडमध्ये किती पोरं या घडीला एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडत असतील, हा विचार तिने मनात आल्याबरोबर हाकलून दिला. ते नंतर. आधी ही पोर.

ताटभर आल्याची बिस्किटं घेऊन ती शेडमध्ये गेली. टेबलाखाली पाहिलं, तर खरंच एक तार रेडिओतून निघून जमिनीवर वेटोळं करून पडली होती.

“ही कुठे जोडायची नाही का रे?” तिने आपलं सहज विचारलं.

“नाही मिस प्रॅट. ती तशीच पडू द्यायची असते,” वॉल्टर बिस्कीट तोंडात टाकत म्हणाला. “नेडने हातातून टाकली ना, म्हणून आम्हीही टाकली.”

“पण वाटतं आपलं, कुठेतरी जमिनीत…”

“मिस प्रॅट,” वॉल्टरने समजुतीचा सूर लावला, “तुमची बिस्किटं फार छान असतात. पण कॅप्टन थॉर्न अटलांटिक अकरा वेळा ओलांडून आलेत.”

अकरा वेळा अटलांटिक कॅप्टनला तिनेच ओलांडायला लावला होता, पुस्तकाच्या मागच्या पानावर, सर्दी होऊन घरी बसली होती त्या दिवशी. आधी सात वेळाच लिहिलं होतं, मग सात कमी वाटले म्हणून अकरा केले. आता भोगा.

बाई घरी परतायला वळली, पण पायरीवरच्या ओपलकडे नजर गेली आणि तिथेच एका उलट्या बादलीवर बसली.

“माझं एक काम कराल? मला ते वाचून दाखवा. माझे डोळे आज शिणलेत. गोष्ट तरी कळू दे.”

हे वॉल्टरला पटलं. कॅप्टनचं नाव काढलं की तो कोणावरही मेहेरबान व्हायचा. पुस्तक ओपलकडे गेलं, कारण वाचताना वॉल्टरचा आवाज मध्येच चिरकायचा. ओपल पायरीवरून उठून आत आली आणि सातवं प्रकरण वाचू लागली. चांगली वाचायची पोरगी. घाई नाही, अडखळणं नाही. मिस प्रॅटला आपली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. तिचा जीव नुसता फुलून आला.

“नेड पंपाकडे वाकला,” ओपल वाचत होती. “त्याच्या…” आणि तिला पान उलटायला क्षणभर वेळ लागला.

“डाव्या हातात तार होती,” मिस प्रॅट म्हणाली.

ओपलने पान उलटलं, पुढचं वाक्य पाहिलं आणि मान वर करून मिस प्रॅटकडे पाहिलं. मिस प्रॅटने घाईघाईने बिस्किटांचं ताट पुढे केलं. ओपलने बिस्कीट घेतलं नाही. ती पुढे वाचू लागली, दगड आला, क्रॅग पळाला, पोरं परतली, हाक ऐकू आली.

“वा,” मिस प्रॅट म्हणाली. “फार छान. पण मला एक कळलं नाही. त्या तारेचं काय झालं?”

“टाकली,” वॉल्टर म्हणाला.

“असं लिहिलंय?”

वॉल्टरने पुस्तक ओढून घेतलं आणि ओळीवर बोट ठेवत वाचलं. “लिहिलं नाहीये. पण मग ती कुठे गेली?”

“मग कॅप्टन विसरले असतील,” क्लेम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच पोराने स्वतःच्या मनाने काही म्हटलं होतं, आणि वॉल्टरने असं पाहिलं की ते शेवटचं ठरावं.

“कॅप्टन विसरत नाहीत.”

मिस प्रॅटच्या जिभेवर आलं होतं, विसरले रे बाबा, विसरले, दगडाच्या नादात विसरले. पण सही आठवून तिने ते गिळलं.

“विसरले नाहीत,” ओपल हळूच म्हणाली. तिची नजर मिस प्रॅटवरच होती. “मधल्या वेळात जोडली असेल.”

“कुठल्या मधल्या वेळात?”

“दोन प्रकरणांच्या मध्ये. सगळं थोडंच लिहितात? नेड आणि स्किप त्या बेटावर तीन आठवडे होते, जेवले असतीलच ना? कुठे लिहिलंय? अंघोळ केली असेल, झोपले असतील. कॅप्टनना वाटलं असेल, पंपाकडे वाकलाय म्हणजे जोडणारच, एवढं काय सांगायचं शहाण्या पोरांना.”

वॉल्टरने विचार केला. ‘शहाण्या पोरांना’ हे त्याला लागू पडलं असावं.

“हेच मी म्हणणार होतो,” तो म्हणाला. “पण आपल्याकडे पंप कुठाय?”

“माझ्या स्वयंपाकघरात आहे की,” मिस प्रॅट इतक्या झटकन म्हणाली की तिची तिलाच लाज वाटली.

तार खिडकीतून आत घेतली आणि पंपाच्या जमिनीत उतरलेल्या लोखंडी नळीला गुंडाळली. दिवसा स्टेशन बंद, त्यामुळे आवाज येतो की नाही हे संध्याकाळपर्यंत कळायचं नव्हतं. मिस प्रॅटने त्या दुपारी एक ओळ लिहिली नाही. तीनदा जमीन पुसली.

आठ वाजता आळी जमली. उन्हाळ्यात आमच्याकडे तेव्हा चांगला उजेड असतो. बायका खुर्च्या घेऊन आल्या होत्या, डीट्झ खाटीक पाईप ओढत शेडच्या दारात उभा होता, आणि एल्मवरच्या तारेला त्याने खरंच एक सॉसेजची माळ अडकवली होती. लोक हसत होते. वॉल्टरने हेडफोन चढवला, खड्यावर तार इकडे टेकवली, तिकडे टेकवली. त्याचे कान लाल होत गेले.

“काय म्हणतंय पिट्सबर्ग?” डीट्झने विचारलं.

“पप्पा, जरा थांबा.”

“आम्ही थांबलोच आहोत. सॉसेज तेवढे वाळायला लागलेत.”

वॉल्टरने हेडफोन काढला. त्याच्या तोंडी आता कॉइलचं नाव येणार, हे मिस प्रॅटला स्पष्ट दिसत होतं. खिडकीत उभ्या उभ्या तिने कात्रण मनात पुन्हा घोकलं. आता काय चुकलं? कात्रणातलं सगळं केलं होतं. कात्रणापलीकडचं तिला एक अक्षर माहीत नव्हतं, आणि कॅप्टन थॉर्नलाही नव्हतं.

तेवढ्यात ओपल गर्दीतून वाट काढत थेट तिच्या स्वयंपाकघरात आली. पंपापाशी गुडघ्यावर बसली, नळीवरून बोट फिरवलं.

“मिस प्रॅट, हिला रंग कधी दिला?”

“ईस्टरला. का गं? हिरवा छान दिसतो म्हणून…”

“सुरी द्या.”

मिस प्रॅटने बटाट्याची सुरी दिली. ओपलने नळीचा रंग खरवडायला सुरुवात केली. हिरवे पोपडे पुसलेल्या जमिनीवर पडले, खालून चकचकीत लोखंड दिसलं. “कॉइलवरचं रोगण घासलं तसंच,” ती दात आवळून म्हणाली. “रंगावर तार गुंडाळून काय होणार?” तिने तार सोडली, उघड्या लोखंडावर करकचून गुंडाळली आणि पळत शेडमध्ये गेली.

वॉल्टर तोंड उघडत होता. ओपलने त्याच्याकडे लक्ष न देता हेडफोन चढवला आणि बारीक तार खड्यावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग तिचा हात जिथल्या तिथे थांबला.

तिने हेडफोनची एक बाजू कानावरून काढली आणि वॉल्टरच्या कानाला लावली. त्या पोराच्या चेहऱ्यावरची सगळी मिजास उतरली, आणि खाली तेरा वर्षांचा एक साधा, आनंदलेला मुलगा निघाला. “पप्पा,” तो म्हणाला. “पप्पा, बाई गातेय.”

डीट्झने पाईप खिशात घातला, पेटलेलाच, आणि पुढे आला.

सगळ्यांना ऐकू जावं म्हणून हेडफोन मोठ्या काचेच्या वाडग्यात ठेवायचा, हे पोरांना ठाऊक होतं. वाडगा त्याचा आवाज वाढवतो. मिस प्रॅटचा केकचं पीठ कालवायचा वाडगा आणायला क्लेम धावला. पण वाडगा येईपर्यंत ओपलने हेडफोन हातातच धरून ठेवला आणि खिडकीशी आली.

“आधी तुम्ही.”

“अगं, मला कशाला, ही मंडळी…”

“तुम्हीच आधी.”

मिस प्रॅटने अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि हेडफोन चढवला. तीन पुस्तकांत तिने लिहिलं होतं की आवाज घंटेसारखा स्वच्छ येतो, चर्चमधल्या ऑर्गनसारखा घुमतो. तसं काही नव्हतं. चरबी तळत असल्यासारखी चरचर होती, आणि तिच्या पलीकडे, पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखी, कोणी एक बाई गात होती. गाणं संपलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग, तिथे, पिट्सबर्गला, कोणीतरी खोकलं.

साधा पुरुषी खोकला, घसा साफ करावा तसा. मिस प्रॅटच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गाणं एक वेळ तिने कल्पनेने लिहिलं असतं, पण हा खोकला तिला सुचला नसता. इतक्या लांब एक माणूस आत्ता या घडीला उभा होता, आणि तो तिच्या पंपातून तिच्या कानात खोकला होता. ती खूप खूप सुखात होती, आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही.

“कोणीतरी खोकलं,” ती म्हणाली.

“कॅप्टन थॉर्नच्या पुस्तकात कोणी खोकत नाही,” ओपल म्हणाली, फक्त तिला ऐकू जाईल अशी.

मिस प्रॅटने डोळे पुसले. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं, आणि खरं बोलायची सोय नव्हती. “त्यांनी बहुतेक कधी ऐकलंच नसावं,” ती म्हणाली.

“आता ऐकलंय ना,” ओपल म्हणाली, आणि हेडफोन घेऊन वाडग्याकडे गेली.

त्यानंतर तिने तो विषय ना मिस प्रॅटपाशी काढला, ना दुसऱ्या कोणापाशी. शेडच्या दारावरचा ‘तात्पुरती’ हा शब्द रविवारी सकाळी वॉल्टरने बाहीने पुसून टाकला. सॉसेजची माळ डीट्झने स्वतः उतरवली आणि ओपलच्या आईकडे पोचवली.

सोमवारी मिस प्रॅट कॉफीचा कप घेऊन चौथ्या पुस्तकाला बसली. नेडची बहीण सँडविचची थाळी घेऊन आली, ओस्गुडसाहेबांना आवडते तशी. मग तिने थाळी खाली ठेवली, सुरी मागितली आणि पंपाच्या नळीचा रंग खरवडून तार नीट जोडली, आणि त्यानंतरच कुठे खिडकीतून दगड आत आला. मिस प्रॅटने पान काढून पुन्हा एकदा वाचलं. बहिणीला खोडायचं तर आता रेडिओच बंद पडत होता, आणि पुढची अकरा प्रकरणं त्या रेडिओवर उभी होती. तिने नवा कागद चढवला.